‘इंटरनेट माझा मित्र’ आणि ‘जरा डोके चालवा’ : दोन चौकटींचा इतिहास

मंडळी, घरात आठवी ते दहावीतलं मूल असेल तर त्याचं बालभारतीचं विज्ञानाचं पुस्तक जरा उघडून बघा. धड्याच्या अधेमधे रंगीत चौकटी दिसतील. एकीवर लिहिलेलं असतं ‘इंटरनेट माझा मित्र’. दुसरीवर ‘जरा डोके चालवा’. पहिल्या चौकटीत अमुक गोष्टीची माहिती इंटरनेटवरून मिळवा असं सांगितलेलं असतं, दुसरीत एखादा प्रश्न विचारलेला असतो. दोन्ही चौकटी चांगल्या आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या वेगवेगळ्या आहेत, आणि आजची पोस्ट त्याबद्दल आहे. कारण मित्राकडे जाताना डोकं घरी ठेवलं तरी चालतं, असा सोयीचा अर्थ आपण सगळ्यांनी काढलाय. मुलांनी काढला, पालकांनी काढला, आणि शाळांनीही चालवून घेतला.

मी शिक्षक नाही. गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर काही वर्षं होतो आणि इतिहास वाचायची आवड आहे, एवढाच माझा अधिकार. समितीच्या बैठकीत स्मार्ट टीव्ही, टॅब, इंटरनेट कनेक्शन, लोकवर्गणी यांवर तासन् तास चर्चा व्हायची. टीव्हीवर मुलं नेमकं काय करणार, हा विषय मात्र कधी अजेंड्यावर यायचा नाही. म्हणून थोडं शोधलं, तेव्हा कळलं की या दोन चौकटी एक करण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न १९९५ सालीच झाला होता. त्याचं नाव ‘वेबक्वेस्ट’. त्याची गोष्ट आपल्या उपयोगाची आहे, म्हणून सविस्तर सांगतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

साल १९९५. गुगल नव्हतं, ते १९९८ ला आलं. विकिपीडिया नव्हता, तो २००१ चा. अमेरिकेत सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत बर्नी डॉज नावाचे प्राध्यापक होऊ घातलेल्या शिक्षकांना शिकवत होते. म्हणजे आपल्याकडचा बी.एड.चा वर्ग समजा. त्यांना ‘आर्किओटाइप’ नावाचा एक संगणकीय कार्यक्रम विद्यार्थ्यांना दाखवायचा होता. न्यूयॉर्कच्या एका शाळेत तो वापरला जायचा, आणि त्यात मुलं पडद्यावर पुरातत्त्वीय उत्खनन करायची. अडचण अशी की डॉज यांच्याकडे तो कार्यक्रमच नव्हता.

मग त्यांनी काय केलं? त्या कार्यक्रमाबद्दल मिळेल ते साहित्य गोळा केलं. काही छापील मूल्यमापन अहवाल, काही वेबपेजेस. कार्यक्रम तयार करणाऱ्यांपैकी एकाशी इंटरनेटवर गप्पा मारायची सोय केली. तो वर्गात वापरून बघितलेल्या एका शिक्षकाशी व्हिडिओवर बोलणं ठरवलं. विद्यार्थ्यांचे गट पाडले आणि काम दिलं : तुम्ही ज्या शाळेत सराव पाठ घेणार आहात, तिथे हा कार्यक्रम चालेल का? चालणार असेल तर कसा वापराल? दोन तासांत ठरवा.

इथे बारकाईने बघा. ‘आर्किओटाइप म्हणजे काय ते लिहा’ असं त्यांनी सांगितलं नाही. तसं सांगितलं असतं तर विद्यार्थ्यांनी अहवालातली चार वाक्यं उतरवून दिली असती. ‘आमच्या शाळेत चालेल का’ याचं उत्तर कुठल्याच अहवालात नव्हतं, कारण ती शाळा त्या अहवालात नव्हती. ते उत्तर तयार करावं लागणार होतं. डॉज यांनी पुढे सांगितलंय की त्या दिवशी त्यांना फारसं बोलावंच लागलं नाही. गटागटांतून फिरणं आणि अडेल तिथे हात देणं एवढंच काम उरलं, आणि मुलांची चर्चा नेहमीपेक्षा कितीतरी खोल गेली.

या अनुभवातून त्यांनी टॉम मार्च या सहकाऱ्याबरोबर एक आराखडा बसवला. आधी छोटी प्रस्तावना, म्हणजे मुलांना विषयाची गोडी लागेल अशी परिस्थिती. मग काम, म्हणजे शेवटी नेमकं काय करून द्यायचं. मग ते करायच्या पायऱ्या आणि शिक्षकाने आधीच निवडून, तपासून ठेवलेले स्रोत. मग मूल्यमापन, म्हणजे गुण कशाला मिळणार हे आधीच सांगितलेलं. आणि शेवटी समारोप. एवढंच. कुठलंही महागडं सॉफ्टवेअर नाही, एक साधं वेबपेज पुरे.

टॉम मार्च यांच्या सुरुवातीच्या वेबक्वेस्टपैकी एक चीनवर होता. वर्गातल्या मुलांना भूमिका वाटून दिलेल्या : कुणी उद्योजक, कुणी संग्रहालयाचा माणूस, कुणी मानवी हक्क कार्यकर्ता, कुणी पर्यावरणवादी. प्रत्येकाने आपापल्या नजरेने चीनबद्दल वाचायचं. मग सगळ्यांनी एकत्र बसून चीनशी कसं वागावं यावर एकमत करायचं. भांडण तर होणारच, आणि ते व्हावं अशीच मांडणी होती. ‘चीनची लोकसंख्या, राजधानी, प्रमुख पिके’ असं लिहून आणणाऱ्या मुलाला या गटात काही कामच उरत नाही.

आता यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, स्रोत शिक्षकाने निवडलेले. ‘जा, इंटरनेटवर शोधा’ असं मुलाला मोकळं सोडलेलं नाही. मुलाचा वेळ शोधण्यात जाऊ नये, सापडलेल्याचा विचार करण्यात जावा, हा हेतू होता. बाजारात मुलाला एकट्याला सोडणं वेगळं आणि दहा भाज्या समोर ठेवून ‘यातून उद्याच्या पंगतीचा बेत ठरव’ म्हणणं वेगळं.

दुसरी, काम असं की माहितीचं रूप बदललंच पाहिजे. डॉज यांनी २००२ मध्ये कामांचे बारा प्रकार मांडले : रहस्य उलगडणं, बातमीदारी, रचना करणं, पटवून देणं, एकमत घडवणं, निवाडा करणं वगैरे. त्यात पहिलाच प्रकार ‘वाचलेलं परत सांगणं’ हा होता, आणि नुसतं तेवढंच करवून घेणारी कामं सगळ्यात कच्ची, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडचे बहुतेक प्रकल्प याच पहिल्या पायरीवर बसलेले असतात.

कल्पना झपाट्याने पसरली. अमेरिका, युरोप, लॅटिन अमेरिका, सगळीकडे शिक्षकांनी वेबक्वेस्ट बनवले. आणि जे प्रत्येक चांगल्या कल्पनेचं होतं तेच झालं. नाव टिकलं, गाभा गेला. प्रश्नपत्रिकेखाली चार लिंका चिकटवायच्या आणि त्याला वेबक्वेस्ट म्हणायचं. दहा वर्षं व्हायच्या आतच टॉम मार्च यांना लिहावं लागलं की लिंका जोडलेला स्वाध्याय म्हणजे वेबक्वेस्ट नव्हे. पुढे जुन्या लिंका मेल्या, पानं उघडेनाशी झाली. संशोधकांनी आढावे घेतले तेव्हा मुलांची आवड वाढते, एकत्र काम करणं सुधारतं असं दिसलं. पण परीक्षेतल्या गुणांत नेहमीच्या शिकवण्यापेक्षा ठोस फरक पडतोच, असं काही सिद्ध झालं नाही. हेही सांगायला हवं. वेबक्वेस्ट ही जादूची कांडी आहे असं माझं म्हणणं नाही.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतलं आम्हाला काय सांगता? म्हणून आपल्या देशात येऊ, आणि थोडं मागे जाऊ. करून शिकण्याची ही कल्पना इंटरनेटपेक्षा बरीच जुनी आहे. विल्यम किलपॅट्रिक यांचा ‘प्रकल्प पद्धती’वरचा गाजलेला निबंध १९१८ चा. आपल्याच महाराष्ट्रात वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची मांडणी झाली. हाताने काम करता करता त्यातूनच गणित, भूगोल, समाज शिकायचा, हा तिचा पाया.

पण मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण मध्य प्रदेशातल्या होशंगाबादचं आहे. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तिथल्या १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू केला. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टीआयएफआरमधलं संशोधन सोडून गावात गेलेले. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, आजूबाजूची झाडं, किडे, माती, पाणी तपासायचं, निरीक्षणं वहीत लिहायची, वर्गात वाद घालायचा आणि मग निष्कर्ष. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या त्यांच्या पुस्तकांत तयार उत्तरं नसायची. परीक्षेला पुस्तक आणि वही घेऊन बसायची मुभा होती, कारण उत्तर पुस्तकात नव्हतंच! प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा असायची.

आणि या प्रयोगात ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलांना पडलेले प्रश्न त्यांनी पत्र लिहून सवालीरामला पाठवायचे, आणि त्यामागची जाणकार मंडळी सवालीरामच्या नावाने उत्तरं द्यायची. बघा, पोस्टाने चालणारं गुगलच की हे! फरक इतकाच की सवालीरामला विचारायला मुलाला आधी प्रश्न पडावा लागायचा. आपल्या मुलांना आज प्रश्न पडायच्या आधीच उत्तर समोर येतं.

हा कार्यक्रम पुढे एकलव्य संस्थेने वाढवला, सरकारी शाळांतच तो हजारच्या आसपास शाळांपर्यंत गेला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षांचं काम! पण त्या तीस वर्षांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. शोध घेत शिकण्यासाठी तारेची गरज नव्हती. गरज होती तीन गोष्टींची : तयार उत्तर नसलेला प्रश्न, त्यासाठी तयार केलेला आणि पाठीशी माणसं असलेला शिक्षक, आणि त्या शिकण्याची किंमत करणारी परीक्षा.

आता इंटरनेटकडे परत येऊ. डॉज यांचा तो वर्ग भरला त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने आपल्या देशात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. शाळांपर्यंत ते पोचायला बराच काळ गेला. पण मधल्या काळात एक प्रयोग झाला आणि तो जगभर गाजला. १९९९ मध्ये दिल्लीत कालकाजीला, एनआयआयटीच्या आवाराच्या भिंतीला भोक पाडून सुगत मित्रा यांनी पलीकडच्या वस्तीतल्या मुलांसाठी एक संगणक बसवला. शिक्षक नाही, सूचना नाहीत. मुलं आपली आपण शिकली. ‘भिंतीतलं भोक’ म्हणून तो प्रयोग प्रसिद्ध झाला.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण त्याचा पुढचा टप्पा आपल्या सिंधुदुर्गातही झाला. शिरगावसारख्या गावांत असे संगणक बसवले गेले. आठवीच्या वयाची मुलं वर्गात न शिकवताही संगणक विषयाच्या परीक्षेला सामोरी जाऊ शकली, असं संशोधकांनी नोंदवलं. आपल्या गावच्या पोरांचा अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. २०१३ मध्ये मित्रांना दहा लाख डॉलरचं टेड पारितोषिक मिळालं.

पण इतिहास इथेच थांबवला तर तो अर्धवट राहील. पायल अरोरा या अभ्यासिकेने उत्तराखंडमधल्या अल्मोडा आणि हवालबाग इथल्या अशाच केंद्रांचा माग काढला. तिथे ती बंद पडलेली आढळली. २०१० मध्ये त्यांचा लेख आला. देखभाल कुणाची, शाळेशी नातं काय, मुलं नेमकं काय शिकतात, असे साधे आणि अवघड प्रश्न त्यात आहेत. म्हणजे मुलं यंत्र हाताळायला आपोआप शिकतात, हे खरं. आज दोन वर्षांचं पोरही मोबाइलवर व्हिडिओ पुढे सरकवतं. पण यंत्र चालवता येणं आणि समोर आलेली माहिती खरी की खोटी, कुणी लिहिली, का लिहिली हे विचारता येणं, या दोन गोष्टी आपण एक समजलो. तिथेच घोळ झाला.

मग आलं २०१०. शिक्षण हक्क कायद्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी काम, प्रयोग, उपक्रम यांच्याबरोबर ‘प्रकल्प’ आला. कागदावर ही फार चांगली गोष्ट होती, मी आजही तसंच म्हणेन. पोपटपंचीच्या परीक्षेतून मुलाला बाहेर काढणारी वाट होती ती.

प्रत्यक्षात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी सात वाजता मूल सांगतं, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय. आई किंवा बाबा झेरॉक्सच्या दुकानात. दुकानदाराला नुसतं ‘जलप्रदूषण, सातवी’ म्हटलं की पुरे, त्याच्याकडे फाइल तयार असते. रंगीत प्रिंट, स्पायरल बायंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, नाव तेवढं मुलाचं. चाळीस मुलांच्या वर्गात पंधरा प्रोजेक्ट शब्दशः सारखे. आणि गावातल्या वहाळात सांडपाणी कुठून येतं, हे त्या चाळिसांपैकी एकालाही कुणी विचारलेलं नसतं.

यात शिक्षकांना झोडपायचा माझा बिलकूल विचार नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळायचे, वर ऑनलाइन माहिती भरायची, सर्वेक्षणं, निवडणुकीचं काम, पोषण आहाराचा हिशेब. त्या माणसाने चाळीस वेगळे प्रकल्प वाचायचे कधी? डॉज यांच्या पद्धतीत शिक्षकाचं सगळं कष्टाचं काम वर्गाच्या आधी असतं : प्रश्न बांधणं, स्रोत शोधून वाचून ठेवणं. त्या कामाला आपल्या व्यवस्थेत रकानाच नाही. टीव्ही बसवला की फोटो काढता येतो. चांगला प्रश्न तयार केला तर त्याचा फोटो कसा काढणार?

आणि आता झेरॉक्सचं दुकानही मागे पडतंय. नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. मोबाइलमध्ये ‘जलप्रदूषणावर सातवीच्या पातळीचा प्रकल्प मराठीत’ असं नुसतं बोललं तरी पान तयार. वाक्यं स्वच्छ, शब्दही दर वेळी वेगळे, त्यामुळे नक्कल पकडायची सोय नाही. ‘माहिती मिळवा’ हे काम शिक्षण म्हणून आता संपलेलं आहे. या तंत्रावर बंदी घाला म्हणणारे आहेत, सगळं यावरच शिकवा म्हणणारेही आहेत. मला वाटतं दोघांच्याही आधी डॉज यांचा तो दोन तासांचा वर्ग आठवावा. साधन कुठलंही असो, प्रश्नाचं उत्तर तयार मिळत असेल तर मूल ते उचलणारच. मोठी माणसंही तेच करतात.

मग आपल्याकडे असा प्रश्न कसा असेल? एक उदाहरण देतो, आपल्याच सड्यावरचं.

कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यात रत्नागिरीतली उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू अशी ठिकाणं आहेत, आपल्या जिल्ह्यातलं कुडोपी आहे आणि गोव्यातलं फणसायमळही. यावर नेहमीचा प्रकल्प म्हणजे ‘कातळशिल्पांची माहिती व चित्रे चिकटवा’. त्याऐवजी नववीच्या वर्गाला असं काम देऊन बघा : समजा आपल्या गावच्या सड्यावर कातळशिल्प सापडलंय. जागा खासगी आहे. मालकाला तिथे चिरेखाण सुरू करायचीय. पुढच्या ग्रामसभेत काय ठराव करावा, त्याचा मसुदा लिहा.

पाच पाच मुलांचे गट. एक जमीनमालक, एक खाणीवरचा कामगार, एक पुरातत्त्वाचा अभ्यासक, एक त्या सड्यावर गुरं चारणारा, एक सरपंच. शिक्षकाने स्रोत द्यायचे : युनेस्कोच्या यादीतली नोंद, मराठी विश्वकोश, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा उपग्रह नकाशा, सातबारा कसा वाचायचा याची माहिती. आणि एक स्रोत इंटरनेटबाहेरचा सक्तीचा : गावातल्या किमान दोन वयस्क माणसांशी बोलायचं. सड्यावरच्या त्या चित्रांना गावात काय म्हणतात, तिथे काही रीतीभाती आहेत का, हे त्यांच्याकडूनच कळणार. शिल्पांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, हेही मुलांना वाचताना सापडेल. सापडू दे. मोठ्या माणसांनाही सगळं माहीत नसतं, हे कळायला नववी हे चांगलं वय आहे.

यातून ठराव काय निघेल ते मला सांगता येणार नाही, शिक्षकालाही येणार नाही. मोबाइलला विचारलं तर तो एक गुळगुळीत मसुदा देईल. पण गटातला ‘कामगार’ विचारेल, खाण बंद झाली तर माझ्या रोजीचं काय, आणि त्याला उत्तर समोरच्या चार मुलांनाच द्यावं लागेल. हीच मुलं चार-पाच वर्षांनी खऱ्या ग्रामसभेत बसणार आहेत. व्हॉट्सॲपवर आलेलं पुढे ढकलणारी बसतील की ‘हे कुठे लिहिलंय, दाखवा’ म्हणणारी, हे आपण शाळेत काय करून घेतो त्यावर ठरणार आहे.

हे सगळ्या विषयांना, रोज, जमणार नाही. जमवायची गरजही नाही. पाढे पाठ असावेत, शुद्धलेखन व्हावं, वाचन पक्कं हवं. त्याशिवाय हे काम उभंच राहत नाही. पण वर्षातून दोनदा, एका वर्गाला असा एक प्रश्न, एवढं तर होऊ शकतं.

त्यासाठी माझ्या अपेक्षा साध्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत पुढच्या वेळी टीव्ही किंवा टॅबचा विषय आला की कुणीतरी विचारावं, यावर मुलं कुठला प्रश्न सोडवणार आहेत? केंद्र पातळीवर शिक्षकांची शिक्षण परिषद होते, तिथे दहा शाळांनी मिळून वर्षाला चार-पाच असे प्रश्न आणि त्यांचे स्रोत तयार करून एकमेकांना द्यावेत, म्हणजे ओझं एकट्यावर पडणार नाही. आणि पालकांनी प्रोजेक्टचं बायंडिंग बघण्याऐवजी पोराला एवढंच विचारावं : यात तुझं मत कुठलं, आणि ते का?

माझ्या यादीवर या लोकांपैकी बरेच जण आहेत : शिक्षक, निवृत्त मुख्याध्यापक, सरपंच, बागायतदार, बंदरावर काम करणारे. म्हणून शेवटी एक विनंती. आपल्या तालुक्यातला असा एक प्रश्न खाली लिहा, ज्याचं तयार उत्तर इंटरनेटवर मिळत नाही आणि जो आठवी-नववीच्या मुलांना झेपेल. वहाळाचं पाणी, माकडांचा त्रास, पर्ससीन आणि रापण, बंद पडत चाललेली एसटीची फेरी, काहीही. शिक्षक असाल तर त्यासाठी कुठले स्रोत द्याल तेही लिहा. सगळे एकत्र करून मी ती यादी ज्या शाळांना हवी त्यांना पाठवीन.